कापसाची बंडी आणि इगतपुरीची पत्रकं

राघो, तू गेल्याला आज बारावा दिवस. आई सकाळपासून माझ्या मागे लागली आहे, "वशा, तेंच्यात आता बाराव्याक काय करतत रे? आपण काय घेवन जावचा?" मला काय ठाऊक! तुम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलीत तेव्हापासून तुमच्या घरी बारावा-तेरावा उरला नाही, आणि आमच्या घरी तो केल्याशिवाय माणूस गेला असं कुणाला वाटत नाही. मी मध्येच लोंबकळतो आहे. शेवटी आईने नारळ काढला, परत ठेवला, आणि चहापूड-साखर बांधून दिली. ती पुडी अजून माझ्यासमोर पडली आहे.

मला काहीच नीट कळेनासं झालं आहे. काल मिलमध्ये उभ्या मागासमोर मी धोटा हातात धरून नुसता बघत राहिलो. जॉबर येऊन म्हणाला, "काय रे, झोप लागली?" झोप कसली. मी तुझ्याशी भांडत होतो.

भांडण जुनंच. थंडीचं. मुंबईच्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटते, घाटावरचे लोक हसतात आपल्याला. पण पौषातल्या पहाटे सायकलवर बसून शिवडीच्या खाडीवरून येणारा वारा ज्याने छातीवर घेतला आहे त्याने बोलावं. तू रोज घ्यायचास. गोदीतल्या गोदामांची कागदपत्रं पोचवायची नोकरी, सगळा दिवस सायकलवर, आणि पहाटे सहाला तिकडे हजर. त्यामुळे थंडीचं शास्त्र तुझ्याकडे होतं आणि ते ऐकणाऱ्याला तू सोडत नव्हतास. पेपर वाचून झाला की त्याची चौपदरी घडी शर्टाच्या आत, छातीवर. कानावर मफलर. हातात जुने पायमोजे, अंगठ्याला भोक पाडलेले. आणि सगळ्यात मोठा नियम, तो तर तू माझ्या आईलाही ऐकवला होतास, "निघताना थोडी थंडी वाजली पायजे, मावशी. घरातूनच गरम होऊन निघाला तो माणूस फसला. घाई केली की घाम येतो, घाम आला की संपलं."

आई म्हणाली होती, "थंडी वाजूक व्हयी म्हणता! शिरा पडो तुझ्या तोंडार." आणि तुला चहा दिला होता.

आणि आता लोक काय म्हणतात माहीत आहे? "शिवडीच्या वाऱ्यात सायकल मारायचा, थंडी बाधली." परवा नळावर एकजण असं म्हणाला तेव्हा मी बादली ठेवून त्याच्या अंगावर गेलो. ज्या माणसाने अख्ख्या डिलाईल रोडला थंडीत सायकल कशी चालवायची ते शिकवलं, त्याला थंडी बाधली? तीन दिवसांचा ताप कशाचा होता ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. पण थंडी नव्हती. एवढं तरी मी तुझ्या बाजूने सांगितलं. बाकी जे सांगायला हवं होतं ते मात्र सांगितलं नाही. तेच आज लिहायला बसलो आहे, आणि कुठून सुरू करावं तेच सुचत नाही.

त्या हिवाळ्यापासूनच करतो. आपण पहाटे गिरगावातल्या छापखान्यातून संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं उचलायचो आणि लालबाग, करी रोड, शिवडी अशी वाटत यायचो. तू कामावर जायचास, मी सातच्या पाळीला. शाईचा वास हाताला दिवसभर राहायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. मग इगतपुरीच्या सभेची पत्रकं पोचवायचं ठरलं. रेल्वेच्या पार्सलावर पोलिसांची नजर होती, म्हणून मास्तर म्हणाले, सायकलवरून न्या. मास्तर म्हणजे आपल्या भागातल्या चळवळीच्या कचेरीचे प्रमुख, रात्रशाळेत शिकवून शिकवून आवाज बसलेला माणूस. ते कधी कुणाचं कौतुक करत नसत आणि म्हणूनच त्यांनी आपल्या दोघांची नावं घेतली तेव्हा मी रात्रभर जागा होतो. शिवाय सत्याग्रहाची पुढची तुकडी त्याच आठवड्यात ठरायची होती. यादीत तू होतास, मी होतो. इगतपुरीहून नीट परत आलो की नक्की, असं ते म्हणाले होते.

आईने माझ्यासाठी बंडी केली. पिंजाऱ्याने जुनी गादी पिंजली त्यातला उरलेला कापूस मांजरपाटाच्या दोन पदरांत भरून तिने चांगली जाड बंडी टाचली. मी ती घालून आलो तेव्हा तू सायकलची चेन पुसत होतास. वर पाहिलंस आणि म्हणालास, "गादीवर बसून जायचं असतं वशा, गादी घालून नाय."

शनिवारी पहिली पाळी करून निघालो. दोघांच्या कॅरियरवर एकेक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. रात्री शहापूरला तुझ्या मावसभावाच्या पडवीत पडलो आणि पहाटे अंधारात पुन्हा सायकली काढल्या. घाटाच्या पायथ्याशी तू थांबलास. तुझा शर्ट तू उघडा केलास, मफलर काढून हँडलला गुंडाळलास आणि मला म्हणालास, "बंडी काढ. चढायच्या आधी काढायची, वर पोचलास की घालायची."

"दहा वर्षं मागावर उभा आहे मी," मी म्हणालो. "तू मला कापूस शिकवतोस?"

"तुझा कापूस गरम असतो तो सुका आहे तोवर. भिजला की तो तुझा नाय, थंडीचा."

राघो, तुला हे कधी सांगितलं नाही, पण मला ते खरंच पटत नव्हतं. हट्ट नव्हता तो, निदान सगळा नव्हता. आमच्या खात्यात धागा तुटू नये म्हणून वाफ सोडतात. आम्ही आठ तास ओले असतो, कापूसही ओला असतो, आणि तरी अंगाची काहिली होते. ओला कापूस म्हणजे गरमी, हेच मी पोटापाण्याला लागल्यापासून शिकलो होतो. मिलच्या बाहेर ते उलटं असतं हे माझ्यासारख्या विणकराला कोण सांगणार? तू सांगत होतास. पण तू विणकर नव्हतास.

मी बंडी घालून घाट चढलो. निम्म्या वाटेत ती पिळून काढण्यासारखी झाली. मला मजा वाटत होती, आतून नुसती वाफ. तू मागून ओरडत होतास, "हळू, वशा, हळू," आणि मी तुला दाखवायचं म्हणून आणखी जोरात पायडल मारत होतो. वर पोचलो तेव्हा धुकं होतं आणि माझं मागचं चाक बसलं होतं. पंक्चर काढायला तू खाली बसलास, मी उभा राहिलो. वारा सुरू होताच. पाचेक मिनिटांत ती बंडी बर्फाच्या लादीसारखी अंगाला चिकटली. आधी हात गेले. मग दात वाजायला लागले, आणि मग दातही थांबले, आणि मला छान झोप यायला लागली. मी खाली बसलो. तू माझ्या थोबाडीत मारलीस ती मला आठवते. दुसरीही आठवते.

तू बंडी फाडूनच काढलीस. स्वतःच्या मफलरने माझं अंग पुसलंस. मग माझ्या कॅरियरवरच्या गठ्ठ्याची सुतळी तोडलीस.

"अरे, ती पत्रकं आहेत!" मी म्हणालो. बोबडी वळली होती तरी एवढं म्हणालो.

"आता तो कागद आहे," तू म्हणालास.

छातीला, पाठीला, पोटाला, बगलेत, तू कागद चुरगाळून चुरगाळून भरत गेलास. वरून तुझा शर्ट माझ्या शर्टावर चढवलास आणि तू स्वतः बनियनवर, आत तुझा तो चौपदरी पेपर. मला उभा करून सायकल हातात दिलीस आणि पायी चालवलंस. अर्ध्या तासाने माझी बोटं मला पुन्हा सापडली. आज मी इथे बसून हे लिहितो आहे ते त्या कागदामुळे. याच्यात अतिशयोक्ती नाही. आणि याबद्दल मी तुला कधी "थँक्यू" म्हणालो नाही, कारण तू म्हणाला असतास, "काय साहेब झालास काय?"

इगतपुरीच्या अलीकडे एका भिंतीआड तू माझ्या अंगातून तो लगदा बाहेर काढलास. शाई ओली झाली होती. माझ्या छातीवर "महाराष्ट्र" उलटा छापला गेला होता, आरशात बघितला तर सुलटा दिसेल असा. तू हसत सुटलास. मी रडकुंडीला आलो होतो.

"राघो, मास्तरांना सांगू नको. घाटातच आडवा झाला म्हटल्यावर मला तुकडीत कोण घेणार?"

"मग गठ्ठा कुठे गेला म्हणून सांगू?"

मी शर्टाची बटणं लावत राहिलो. तू माझ्याकडे बघितलंस, मग शिंकलास, आणि म्हणालास, "बरं."

तेवढंच. "बरं." बारा दिवस मी त्या एका शब्दाभोवती फिरतो आहे. बरं म्हणजे काय, राघो? बरं, मी बघतो? की, बरं, तू असा आहेस तर?

कचेरीत मास्तरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "एक गठ्ठा ओढ्यात गेला. माझ्या हातून." मास्तरांनी यादी काढली आणि तुझ्या नावावर आडवी रेघ मारली. बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "या लोकांच्या हातात काही दिलं की असंच व्हायचं." मास्तर त्याच्यावर खेकसले, पण रेघ काही त्यांनी पुसली नाही. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो. त्या नकाशात बेळगाव कुठे होतं, कारवार कुठे होतं, मी आजही डोळे मिटून सांगेन, इतका वेळ मी तिकडे बघत होतो. तू मफलर उचललास आणि जिना उतरून गेलास. तुझ्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

घरी आईने माझी छाती साबणाने घासली. "ह्या काय लागला?" मी म्हटलं, मशीनचं काळं.

मग मी सत्याग्रहाला गेलो, तुरुंगात गेलो, परत आलो. डिलाईल रोडच्या नाक्यावर हारतुरे झाले. तू सायकल घेऊन गर्दीत उभा होतास आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ओरडत होतास. तो आवाज ऐकून मला गर्दीत शिरून पळून जावंसं वाटलं. तू जवळ आलास.

"आत थंडी होती काय रे?"

"होती. फरशीवर झोपायचो."

"मग काय केलंस?"

"पेपर घातला शर्टात."

तू खो खो हसलास. "मग बोल आता. कापूस की कागद?"

आणि मी, गळ्यात झेंडूचा हार, म्हणालो, "कापूस."

तेव्हापासून दर वर्षी पहिली थंडी पडली की तू मधलं मैदान ओलांडून आमच्या चाळीखाली यायचास, घंटी वाजवायचास आणि खालून ओरडायचास, "वशा! कापूस की कागद?" मी गॅलरीतून ओरडायचो, "कापूस!" पोरं हसायची, आई शिव्या द्यायची, तू निघून जायचास. मला वाटायचं ती आपली गंमत आहे. आता मला काही कळत नाही. तू खरंच नुसतं चिडवायला येत होतास का? की तू मला दर वर्षी एकदा विचारत होतास, आणि मी दर वर्षी तुला खोटं उत्तर देऊन परत पाठवत होतो?

परवा तुझ्या खोलीत वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मी एकटा चौकड्याच्या शर्टात, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. नंतर लोक बोलले. मास्तरही आले होते, काठी टेकत. राज्य झालं तेव्हाच कचेरी बंद झाली, तिथे आता शिंपी बसतो, पण मास्तरांना अजून सगळे मास्तरच म्हणतात. ते म्हणाले, "राघो माणूस लाखातला. आमचा एक गठ्ठा तेवढा त्याने ओढ्याला वाहिला." लोक हसले, प्रेमानेच हसले. मग मास्तर माझ्याकडे वळले, "वसंता, तू बोल. तू त्याच्यासोबत होतास."

मी उभा राहिलो. राघो, मी तेव्हा सांगणार होतो, तुझ्या फोटोकडे बघून सांगतो. पण तोंडातून निघालं काय, तर पायमोज्याला अंगठ्याचं भोक कसं पाडायचं. मफलर कानावरून कसा घ्यायचा. चढायच्या आधी काय काढायचं. पाच मिनिटं मी थंडीत सायकल चालवण्यावर व्याख्यान दिलं आणि खाली बसलो. लोकांनी मान डोलावली. एकाने डोळे पुसले.

सगळे गेल्यावर सुभद्रावहिनीने मला चहा दिला. तुझी सायकल भिंतीला टेकवलेली होती आणि तुझी लेक तिचं पायडल उलटं फिरवत बसली होती. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमच्या छातीवरची शाई गेली काय हो?"

मी कप बशीत ठेवला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"दर थंडीत सांगायचे की. वशाच्या छातीवर उलटा महाराष्ट्र. पोरीला पण पाठ झालंय."

"रागावला होता का माझ्यावर?"

तिने लगेच नाही म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. तिने पदर सारखा केला. "त्या यादीचं लई लागलं होतं त्यांना. दोन दिस धड जेवले नाहीत. कापडी पिशवी भरून ठेवली होती ना त्यांनी, तुरुंगात न्यायला. ती मीच मग रिकामी केली." मग म्हणाली, "मी म्हटलं, जा, सांगा त्या मास्तरांना. तर म्हणाले, वशा सांगेल. त्याला घाई नको करू. घाईत घाम फुटतो, मग माणूस गारठतो."

मी तो चहा कसा संपवला ते मला आठवत नाही. मैदान ओलांडताना मात्र थंडी वाजत होती आणि माझ्या अंगात फक्त तो चौकड्याचा शर्ट होता.

तीन हिवाळे, राघो. मी सावकाश आलो. इतका सावकाश की तू वाट बघून निघून गेलास, आणि तरी मला अजून कळत नाही की तू मला माफ करून गेलास की नुसताच थांबून थांबून दमलास. वहिनीला विचारलं तर ती म्हणेल माफ केलं होतं. तुला विचारलं असतं तर तू चाकातली हवा बघत बसला असतास. मला तुझा राग येतो. मला एकदा तरी शिवी द्यायचीस. बाकावरच्या त्या माणसासमोर नाही, मास्तरांसमोर नाही, निदान घाटात, दुसरी थोबाडीत मारताना तरी.

हे लिहिलेलं मी आपल्या वाचनालयाच्या फळ्यावर लावायला देणार आहे. आपल्या भागात कुणी गेलं की तिथे दोन ओळी लावतात. मास्तर रोज संध्याकाळी पेपर वाचायला तिथे येतात, चष्मा पुसून फळ्यावरचा कागदन् कागद वाचतात. बाकावर बसलेला तोही येतो. त्यांनी वाचावं, की गठ्ठा ओढ्यात गेला नव्हता. तो माझ्या अंगावर होता. माझ्या चुकीने गेला आणि मला जगवून गेला. राघोच्या नावावरची रेघ माझी होती, आणि त्याच्या वाट्याचा तुरुंग मी हार घालून घेऊन आलो.

वाचनालयाच्या चिटणीसाला आताच दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "वसंतराव, हे खरंच लावायचं?"

"लाव," मी म्हटलं.

आईची चहा-साखरेची पुडी घेऊन मी आता तुमच्याकडे निघालो आहे. खाली गार वारा सुटला आहे. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन उभा राहिलो, जिथून तुला उत्तर द्यायचो तिथेच. खाली कुणी नव्हतं. तरी ओरडलो, पोरं बघत राहिली तरी ओरडलो.

कागद, राघो. कागद.